'शिवळ' पुन्हा वाचता आली: एका ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपले नाव या पत्रात येऊ नये, ही आपली अट मी पाळत आहे. आभार मात्र चारचौघांसमोरच मानावेत असे मला मनापासून वाटते, कारण आपण केलेले काम नेमके काय होते, हे माझ्या घरातल्यांनासुद्धा अजून पुरते उमगलेले नाही. "कॉम्प्युटर सुरू झाला ना, मग झाले," असे ते म्हणतात. कॉम्प्युटर तर पहिल्याच दिवशी सुरू झाला होता. हरवले होते ते त्यातले माझे बावीस वर्षांचे काम.

खटाव तालुक्यातील गावोगावच्या शेतकऱ्यांकडून, सुतार-लोहारांकडून आणि चांभारांकडून मी शेतीच्या अवजारांचे शब्द गोळा करत आलो. जुवात बैलाच्या मानेच्या कडेला अडकवायची काठी ती शिवळ, मोट म्हणजे विहिरीतून बैलांकरवी पाणी काढायचे साधन, ती ओढणारा जाड दोर तो नाडा, मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर, बैल ज्या उतारावरून ये-जा करतात ती धाव, आणि पाणी जिथे ओतले जाते ते थारोळे. असे सुमारे ३,२०० शब्द मी आधी चिठ्ठ्यांवर लिहिले आणि नंतर कॉम्प्युटरवर टंकित केले. २०१७ साली चिठ्ठ्यांच्या पेटीला वाळवी लागली व जेमतेम नऊशे चिठ्ठ्या हाती राहिल्या. म्हणजे उरलेल्या शब्दांचा कॉम्प्युटरखेरीज दुसरा पुरावा राहिला नव्हता, आणि मोट हाकलेली माणसेही आता फारशी उरलेली नाहीत.

माझ्या जुन्या यंत्रावर विंडोज ७ होते. त्याचे सुरक्षा-अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले, तरी मी ते पुढे वापरत राहिलो. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्या यंत्रात नसल्यामुळे गेल्या दिवाळीनंतर मी त्यावर लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली घालून घेतली. बॅकअप आहे, एवढे सांगून मी निश्चिंत होतो, आणि दुकानदाराने त्याच भरवशावर सगळी डिस्क फॉरमॅट केली. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता विंडोज आपोआप एक्सटर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप घेत असे, हे खरेच होते. परंतु ती डिस्क नव्या प्रणालीला जोडली, तेव्हा तिथे 'रिस्टोअर' नावाचे बटणच नव्हते. जुन्या कॉम्प्युटरच्या नावाचे एक फोल्डर, त्यात तारखांची फोल्डरे आणि त्यांच्या पोटात क्रमांक घातलेल्या दोनशेहून अधिक झिप फाइली, एवढेच दिसत होते. विंडोजशिवाय हे उघडणार नाही, असे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले.

आपण आलात आणि सर्वप्रथम माझा हात माऊसवरून बाजूला केलात, हे मी विसरणार नाही. त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाऊ नये म्हणून आपण ती फक्त वाचण्यापुरती उघडलीत, मला बाजारातून दुसरी डिस्क आणायला लावलीत, आणि सगळी नक्कल पूर्ण होईपर्यंत मूळ डिस्कमधील एकही फाइल उघडू दिली नाहीत. त्या चार तासांत माझा जीव टांगणीला लागला होता, आणि आपण मात्र शांतपणे मला समजावत होतात की प्रत्येक झिप साधारण दोनशे एमबीची असते, ती कोणत्याही प्रणालीवर उघडते, आणि अडचण आहे ती क्रमाची. विंडोज पहिल्या वेळी सगळ्या फाइली घेते व नंतर फक्त बदललेल्या घेते. त्यामुळे सर्वांत जुना संच आधी उलगडून त्यावर पुढचे संच तारखेप्रमाणे चढवावे लागतात, नाहीतर नव्या दुरुस्त्यांवर जुनी प्रत बसते. हे ठाऊक नसताना मी स्वतः खटपट केली असती, तर शेवटच्या तीन वर्षांच्या दुरुस्त्या माझ्याच हाताने पुसल्या असत्या.

मोटेच्या चित्रीकरणाबद्दल वेगळे लिहिलेच पाहिजे. शेजारच्या गावातील एका आजोबांनी मला मोट जुंपून दाखवली होती, आणि ती २.६ जीबीची फाइल बॅकअपमध्ये तेरा तुकडे होऊन ९५ ते १०७ या क्रमांकांच्या झिपांत विखुरलेली होती. प्रत्येक झिपमध्ये त्याच नावाची फाइल पाहून मला त्या निरुपयोगी नकला वाटल्या होत्या. आपण ते तुकडे जोडलेत तेव्हा पहिल्या खेपेस चित्र उमटलेच नाही, कारण नावांच्या क्रमाने लावल्यावर १०० हा ९५ च्या आधी येऊन बसला होता. आपण क्रम हाताने लावलात, आणि रात्री साडेदहा वाजता माझ्या खोलीत त्या आजोबांनी बैलांना घातलेली हाळी ऐकू आली. आजोबा आज हयात नाहीत. त्यांच्या नातवाने दुसऱ्या दिवशी घरी येऊन ते चित्रीकरण दोनदा पाहिले.

त्यानंतर शब्दांची फाइल उघडली, आणि मला वाटले की सगळेच संपले. पानभर इंग्रजी अक्षरांचा भुगा होता. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरे ओळीने उभी होती. फाइल खराब झाली असे मी म्हणालो, आपण ती पाच अक्षरे बोटाने मोजलीत आणि म्हणालात, "काका, ही फाइल ठणठणीत आहे. आपण कृतिदेवमध्ये टंकन करत होतात ना?" मी टंकलेखन यंत्रावर शिकलेला माणूस, रेमिंग्टन कळफलकाची बोटांची सवय मोडू नये म्हणून कृतिदेव हा फॉन्ट वापरत आलो. कॉम्प्युटर मराठी साठवतो आहे असेच मी इतकी वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात तो इंग्रजी अक्षरे साठवत होता आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा अंगरखा घालत होता. विंडोजच्या बॅकअपमध्ये प्रणालीच्या फोल्डरातले फॉन्ट येत नाहीत, म्हणून अंगरखा तेवढा मागे राहिला.

आपण माझ्या जुन्या सीडीतून फॉन्ट बसवून दिलात, आणि तिथे थांबला असतात तरी मी आपला ऋणीच राहिलो असतो. परंतु हे शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आल्याशिवाय परत आले असे म्हणता येणार नाही, असा आपला आग्रह होता, आणि तो किती योग्य होता हे मला नंतर कळले. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते; त्यामुळे पहिल्या रूपांतरात 'शिवळ' या शब्दाची वेलांटी सुटून पुढे एकटीच लोंबत होती. ती आपण आज्ञावलीत सुधारलीत. 'चऱ्हाट' मात्र हटून बसले. त्यातला 'ह'च्या आधीचा आडवा र रूपांतरात रफार होऊन 'ह'वर चढला, आणि आमच्याकडे कोणी उच्चारत नाही असा एक शब्द तयार झाला. असे एकशे चाळीस शब्द निघाले. ते एकत्र बदलणे सोपे असूनही आपण तसे केले नाहीत, कारण त्यांत खरोखरचे रफारही मिसळलेले होते. वाळवीतून वाचलेल्या नऊशे चिठ्ठ्या एकेक करून आपण वाचत होतात आणि मी पडद्यावर टिपत होतो; आपली नोकरी सांभाळून आपण त्यासाठी पंधरा संध्याकाळी दिल्यात. एका झिपमधील दोन फाइली खराब निघाल्या, त्यांच्या आधीच्या प्रती आपण जुन्या संचातून शोधून काढल्यात, आणि त्यांतील उणे पडलेले एकोणीस अर्थ मी आता पुन्हा गावांत जाऊन विचारत आहे. त्यांपैकी अकरा मिळाले.

गेल्या आठवड्यात आपण सांगितल्याप्रमाणे सगळी यादी निवडून अकारविल्हे लावण्याची आज्ञा मी स्वतः दिली. कृतिदेवमध्ये ही आज्ञा दिली की यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागत असे, म्हणून इतकी वर्षे मी शब्द हाताने वर-खाली सरकवत होतो. या वेळी 'अ'पासून सुरू झालेली यादी 'ह'च्या पुढे 'क्ष'पर्यंत बिनचूक लागली, आणि 'शिवळ' बरोबर 'शिंकाळे' या शब्दानंतर येऊन बसली.

आता तीन प्रती केल्या आहेत. एक घरी आहे, एक साताऱ्याला बहिणीकडे आहे, आणि तिसरी, कोणत्याही प्रणालीवर उघडेल अशी साध्या मजकुराची, आपल्याकडे पाठवत आहे. सोबत आपण मागितलेली थारोळ्याची आकृतीही जोडली आहे.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षक