बाबांच्या प्रश्नाला उत्तर

ति. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर अमेरिकेतल्या न्यायाधीश मोटलीबाईंचा विषय निघाला तेव्हा तुम्ही विचारलंत, "उभी हयात एकाच बाजूची वकिली केली, वर निवडणूक लढवली, असं माणूस न्यायाधीश म्हणून निःपक्षपाती कसं राहणार?" सातारा कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या माणसाचा प्रश्न आहे, म्हणून नीट लिहिते. रोख माझ्यावर होता, तेही कळलं.

कॉन्स्टन्स बेकर मोटली मूळच्या कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या. आईवडील नेव्हिस बेटावरून आलेले, वडील येल विद्यापीठाच्या विद्यार्थी क्लबांत आचारी. आई, बारा भावंडांतल्या मोटलीबाई नवव्या! कॉलेजचा खर्च परवडणारा नव्हता. त्यांचं एक भाषण ऐकून एका श्रीमंत गोऱ्या गृहस्थाने तो उचलला. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थरगुड मार्शल यांच्या हाताखाली वर्णभेदाविरुद्धची वकिली. शाळांमधल्या वर्णभेदाचा ब्राउन खटला, त्याचा मूळ दावा यांनीच लिहिला. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून दिला तो १९६२ साली. सुप्रीम कोर्टात दहा खटले चालवले, नऊ जिंकले.

१९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशपदासाठी नाव दिलं, तर मिसिसिपीच्याच सिनेटर ईस्टलंड यांनी ते कित्येक महिने अडवून धरलं. शेवटी नेमणूक झालीच.

आता तुमचा प्रश्न. १९७५ मध्ये एका बड्या लॉ फर्मवर स्त्री-वकिलांनी भेदभावाचा दावा लावला. फर्मने अर्ज दिला: या बाई स्त्रियांची बाजू घेतील, खटला दुसरीकडे द्या. मोटलीबाईंनी अर्ज फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की पूर्वायुष्य, वर्ण किंवा लिंग एवढ्यावरून न्यायाधीश बाद होत असेल, तर या कोर्टात हा खटला कुणालाच चालवता येणार नाही. सगळेच कधीतरी वकील होते आणि सगळेच स्त्री किंवा पुरुष आहेत. बाबा, गोऱ्या पुरुष न्यायाधीशाला हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. मला हे उत्तर पुरतं पटलंय.

कामगार बायकांचे दावे चालवते म्हणून मालकाचं म्हणणं मला ऐकू येणार नाही, असं नाही. उलट पुकारा झाल्यावर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या बाईचे हात कसे थरथरतात, ते मी जवळून पाहिलंय. तसे मालकाच्या कारकुनाचेही थरथरतात.

जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेचा फॉर्म मी भरलाय. दिवाळीत आले की रोजनामा वाचायला शिकवा, वकिलीत आम्ही तो वरवरच चाळतो. आई, गुडघ्याच्या गोळ्या संपल्या असतील तर कळव.

तुमची,
माई