वक्तृत्वाच्या मार्कांत ऐकणाऱ्याचाही विचार व्हावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडायला लागली की बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलनांची गडबड सुरू होते आणि त्याच्या आगेमागे शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा लागतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय, विषय ठरायच्या आणि परीक्षक बोलवायच्या आधी. मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला मराठी शिकवायचे, आता रिटायर झालेय, पण पोरं कुठं बोलणार असली की अजून जाऊन बसते.

मला म्हणायचंय ते एवढंच की आपण पोरांना मोठ्यानं बोलायला शिकवतोय, पटवून द्यायला शिकवत नाही. दुसरीकडं कुठं हे चालून गेलं असतं, पण सीमाभागात नाही चालणार. इथं प्रत्येकाच्या डोक्यात दुसऱ्याचं एक ठरलेलं चित्र आहे. कन्नड माणसाला वाटतं बेळगावचा मराठी म्हणजे भांडखोर, खातो इथलं आणि तोंड मुंबईकडे. आपल्याला वाटतं कानडी माणूस आतल्या गाठीचा, मराठी येत असून मुद्दाम बोलत नाही. आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना आपण एकतर बिचारे वाटतो नाहीतर अर्धे कानडी. ही चित्रं घेऊनच पोरं मोठी होतात, आणि मग एखाद्या दिवशी काहीतरी होतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. त्या ट्रकचा ड्रायव्हर घरी फोन लावून कुठल्या भाषेत बोलतो हे दगड मारणाऱ्याला माहीत नव्हतं, त्यानं फक्त नंबरप्लेट बघितली. २०२५ च्या फेब्रुवारीत एका बसमधल्या भांडणावरून दोन राज्यांच्या एसट्या बंद पडल्या आणि हाल कुणाचे झाले, तर कोल्हापूरला दवाखान्यात निघालेल्यांचे, कॉलेजच्या पोरांचे, बाजाराला जाणाऱ्या बायकांचे.

गेल्या वर्षी मी आमच्या भागातल्या एका स्पर्धेला प्रेक्षकांत बसले होते. विषय नेहमीचाच, सीमाभाग आणि मराठी. एकामागून एक मुलं आली, मुठी आवळून, शिरा ताणून बोलली, मध्ये मध्ये शिवरायांचा जयजयकार, टाळ्या. भाषणं लिहून देणारे एकदोघंच असावेत, कारण तीच वाक्यं फिरून फिरून येत होती. मग नववीतली एक मुलगी आली. तिची आई आठवडी बाजारात भाजी विकते. तिनं माईक खाली केला आणि म्हणाली, ज्यांच्या घरी दूध घालणारा, सिलिंडर आणणारा नाहीतर गवंडी कानडी आहे त्यांनी हात वर करा. अख्खा हॉल हात वर. मग म्हणाली, त्यांचं नाव ज्यांना माहीत आहे त्यांनीच हात वर ठेवा. निम्मे हात खाली आले. मग, त्यांची मुलं कुठल्या शाळेत जातात हे ज्यांना माहीत आहे त्यांनी. चारपाच हात राहिले, त्यातला एक शाळेच्या शिपाईमामांचा. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "मग 'कानडी लोक असलेच' असं आपण म्हणतो ते नेमकं कुणाला बघून म्हणतो?"

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ, चांगले जुने कार्यकर्ते, लाठ्या खाल्लेले, ते आपल्याच हाताकडे बघत राहिले. पुढं ती आईबद्दल बोलली. आई कन्नडमधून भाव सांगते, गिऱ्हाईक मराठीतून घासाघीस करतं, आणि शेवटी कोथिंबिरीची एक काडी जास्त टाकताना दोघंही हसतात ते कुठल्या भाषेत हसतात ते मला कळत नाही, असं ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली की तरीपण आमच्या शेताचा उतारा फक्त कन्नडमध्ये निघतो, तो माझ्या आईला वाचता येत नाही, आणि हे चुकीचं आहे, आणि हे मी आमच्या दूधवाल्या अण्णांना सांगितलं तर त्यांनाही पटलं.

तिला नंबर मिळाला नाही. परीक्षक बाहेरून आलेले होते, त्यांनी शेवटी सांगितलं की मुद्दे बरे होते पण आवाजात जोश नव्हता आणि बोलण्यात कानडी हेल येतो. बघा, म्हणजे ज्या मुलीनं अख्ख्या हॉलच्या डोक्यातलं चित्र हलवलं तिचे मार्क दुसऱ्या एका चित्रावरून कापले, की सीमेवरची मराठी ही थोडी बिघडलेलीच असते. हा हेल आमच्या आज्यांचा आहे आणि शेकडो वर्षांचा आहे, त्यात बिघडलेलं काही नाही. आणि मार्कांचा कागद बघितला तर त्यावर आवाज, हावभाव, उच्चार, पाठांतर, वेळ. ऐकणाऱ्याला काही पटलं का, याला रकानाच नाही.

आता काही जण म्हणतील की अशा वेळी मोठी उदाहरणं द्यावीत. देतो की आपण. द. रा. बेंद्रे, कन्नडचे एवढे मोठे कवी, १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना, आणि घरात मराठी. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घर कानडी, आणि मराठी माणसानं त्यांना डोक्यावर घेतलं. ही नावं मी स्वतः वर्गात वर्षानुवर्षं घेतली आहेत आणि घ्यायलाच पाहिजेत. पण मोठ्या नावानं शेजाऱ्याबद्दलचं मत हलतंच असं नाही. ऐकणारा म्हणतो, "अहो ते वेगळे," आणि मोकळा होतो. कुमारांची कॅसेट लावायची आणि दारातल्या दूधवाल्याला "ए कानडी" म्हणायचं, हे दोन्ही एकाच घरात आरामात चालतं. त्या मुलीनं अपवाद दाखवलाच नाही, तिनं रोजचा माणूस पुढं केला, आणि त्याला 'वेगळा' म्हणून बाजूला काढता येत नाही.

आपल्याकडं या कलेची केवढी मोठी परंपरा आहे! ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. सुरतेच्या एका तरुण विधवेचा खटला गाजत होता आणि सगळीकडं बायकांच्या जातीलाच नावं ठेवणं चाललं होतं. ताराबाईंनी काय केलं, तर थोर स्त्रियांची यादी देत बसल्या नाहीत. बायकांवर जे आरोप होतात, कपटी, चंचल, अविचारी, ते एकेक उचलले आणि विचारलं की हे दुर्गुण पुरुषांत नाहीत का, आणि मग घरातली, बाजारातली, कचेरीतली उदाहरणं देत गेल्या. भाषा घरगुती, तिखट, समोर बसून बोलल्यासारखी. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा महात्मा फुले पाठीशी उभे राहिले. माझ्या मते मराठीत पटवून कसं द्यावं याचं याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही आणि नववी-दहावीच्या वक्तृत्वाच्या मुलांना त्याची चार पानं तरी वाचून दाखवलीच पाहिजेत. आरोप जसाच्या तसा उचलायचा आणि करणाऱ्याच्याच अंगाला लावून बघायचा, एवढं एक शिकलं तरी खूप झालं.

हेच आपल्या मागणीला लावून बघा. भाषिक अल्पसंख्याक जिथं १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाची सरकारी कागदपत्रं त्यांच्या भाषेतही मिळावीत हे देशानं मान्य केलेलं आहे, ही काही आपली भीक नाही. पण ते नाडकचेरीतल्या, म्हणजे गावाकडच्या महसूल ऑफिसातल्या, क्लार्कला सांगायचं कसं? "आम्ही तुम्हाला घाबरत नाही" असं सांगितलं की त्याच्या डोक्यातलं भांडखोर मराठी माणसाचं चित्र आणखी पक्कं होतं आणि खिडकी बंद. त्याला असं सांगून बघा की जत आणि अक्कलकोट तालुक्यात तुमची कन्नड माणसं आहेत, कन्नड शाळा आहेत, तिथल्या एखाद्या अज्जीच्या हातात फक्त मराठी कागद दिला तर तुम्हाला कसं वाटेल, तसंच आमच्या आजीला वाटतं. हे मी बोलून बघितलेलं आहे. दरवेळी काम झालं असं नाही म्हणत, पण माणूस मान वर करून बघतो, आणि तिथून पुढं बोलणं होतं.

आणि हे कन्नडमधून सांगता आलं पाहिजे. यावर माझ्यावर रागावणारे बरेच असतील हे मला माहीत आहे. मराठी सोडा असं मी म्हणत नाही, आयुष्यभर मराठीच शिकवलंय, मराठी शाळा टिकाव्यात म्हणून घरोघरी फिरलेय. पण गैरसमज ज्याच्या डोक्यात आहे त्याच्या कानाला कळेल असंच बोलावं लागेल ना. आपली पोरं कन्नड शिकतातच, परीक्षेपुरतं, मग त्यात चार वाक्यं मुद्द्याची बोलता यायला काय हरकत आहे? मराठी मुलगी कन्नडमधून उभी राहून मराठी कागदांचा हक्क मागतेय हे बघितल्यावर तिला कुणी कन्नडद्वेषी म्हणूच शकत नाही.

एक गोष्ट आपल्या घरातलीही. गॅदरिंगला एखादं विनोदी नाटुकलं असतंच आणि त्यात एक कानडी अप्पा असतो, तो लिंग चुकवत मराठी बोलतो आणि सगळे हसतात, पुढच्या रांगेत कन्नड विषयाचे सर बसलेले असतात तेही कसनुसे हसतात. हे बंद करा. कर्नाटकातून आलेल्या, पौराणिक नाटकं करणाऱ्या भागवत मंडळींचे खेळ बघून सांगलीच्या पटवर्धन राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं आणि १८४३ ला मराठी नाटक उभं राहिलं. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ज्या रंगभूमीचं देणं आपण कर्नाटकाला लागतो तिच्यावरच उभं राहून कानडी माणसाची टिंगल करायची, हे मला अजिबात बघवत नाही.

तर माझी आयोजकांना आणि मुख्याध्यापकांना विनंती आहे की यंदा मार्कांचा कागद बदला. पाठांतराचे मार्क काढून टाका आणि ते 'ऐकणाऱ्याला पटलं का' याला द्या, आणि त्यासाठी परीक्षकांबरोबर प्रेक्षकांतली पाच माणसं बसवा, त्यात एक तरी कन्नड भाषिक असू दे. उच्चाराचे मार्क ठेवायचे तर स्पष्टपणाचे ठेवा, हेलाचे नकोत. विषयही उलटे देऊन बघा, मराठी मुलानं कन्नड शेजाऱ्याची बाजू मांडायची, आणि कन्नड शाळांना आमंत्रण द्या, त्यांच्या मुलांनी आपली मांडावी. मोडकंतोडकं बोलतील, बोलू देत. संमेलनांत कविसंमेलन असतंच, त्यात अर्धा तास कन्नड कवींना दिला तर मराठीचा काही तोटा होणार नाही.

आणि संपादक साहेब, आपल्या पेपरात स्पर्धेच्या बातमीत फक्त नंबर आलेल्यांची नावं आणि पाहुण्यांचा सत्कार एवढंच येतं. पहिल्या आलेल्या भाषणातला एखादा परिच्छेद छापलात तर पोरं काय बोलतायत हे आईबापांना कळेल, आणि आपण त्यांना काय बोलायला लावतोय हेही. मार्कांचा नवीन कागद मी करून ठेवलाय, कुणाला हवा असेल तर आपल्या कार्यालयात देऊन ठेवते, तिथून न्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. खानापूर, जि. बेळगाव