नेरूळच्या काकांस, एका लोणच्याच्या बरणीबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागलो की आपण विषय बदलता आणि पेढ्यांचा पुडा आणला तर जाताना तो माझ्याच पिशवीत परत घालता, हा अनुभव दोनदा घेतल्यामुळे हे पत्र उघडच लिहीत आहे. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या आणखी कोणाच्या हाती ते पडले, तर आपण मला जे शिकवलेत ते त्यांनाही कळेल.

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी आपण पहिल्यांदा आलात, तेव्हा माझ्या चार फुटी टाकीची दशा आपल्याला आठवत असेल. अडीचशे लिटर पाणी, नायट्रेट ८० पीपीएम (दहा लाख भागांत ८० भाग), दगडांवर केसांसारखे लोंबणारे शेवाळ आणि कपाटात निरनिराळ्या औषधांच्या सहा बाटल्या. आपण एकाही बाटलीला हात लावला नाहीत. खाद्याचा डबा मागवलात, मी रोज किती घालतो ते तळहातावर ओतून दाखवायला सांगितलेत आणि विचारलेत, “हे आत गेलं, ते बाहेर कशातून येतं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. खाद्यातल्या प्रथिनांचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे मला पाठ होते; पण ते नायट्रेट पुढे कोठेच जात नाही, पाणी बदलेपर्यंत साचत राहते, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. रेफ्युजियमचा अर्थ मला त्या दिवशी कळला: माशांचे तोंड पोहोचणार नाही अशा वेगळ्या कप्प्यात, दिव्याखाली, आपल्याला हवे ते शेवाळ वाढू द्यायचे आणि त्याने अंगात साठवलेले नायट्रोजन व फॉस्फरस मूठमूठ उपटून टाकीबाहेर न्यायचे. उपटले नाही, तर ते सगळे टाकीतच राहिले, हे आपले म्हणणे मी संपच्या, म्हणजे मुख्य टाकीखालच्या दुसऱ्या टाकीच्या, झाकणावर चिकटवून ठेवले आहे.

खरे तर त्याआधी एक प्रयोग मी स्वतःच्या बुद्धीने केला होता. टाकीखाली तीन फुटी संप बसवला, पंप सुरू केला आणि झोपलो. रात्री वीज गेली, पंप थांबला, पाणी वर नेणाऱ्या रिटर्नच्या पाइपने उलटा सायफन धरला, म्हणजे टाकीतले पाणी त्यातूनच खाली ओढले जाऊ लागले, आणि बादलीभर खारे पाणी दिवाणखान्यात आले. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छतावर तो डाग अजून आहे. आपण त्या अपघाताला हसला नाहीत; विजेच्या बिलाची मागची बाजू घेऊन त्यावर आकडे मांडलेत. टाकी अठ्ठेचाळीस इंच लांब आणि अठरा इंच रुंद, म्हणजे तिच्यातले एक इंच पाणी उतरले की सुमारे १४ लिटर खाली येणार. माझ्या पाइपचे तोंड पाण्याखाली चार इंच होते, म्हणजे ५७ लिटर. आणि संपमध्ये मोकळी जागा होती जेमतेम ३५ लिटरची. उरलेले बावीस लिटर कोठे गेले, हे वहिनींचे छत सांगतच होते. मग पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला एक बारीक छिद्र पाडून घेतलेत, जेणेकरून पातळी तेथे पोहोचताच हवा शिरावी आणि सायफन तुटावा. एवढ्यावरही आपले समाधान झाले नाही. आपण स्वतः मेन स्विच बंद केलात, संपसमोर पाटावर बसलात आणि पाणी चढायचे थांबले त्या जागी काचेवर काळ्या मार्करने रेघ ओढलीत. ती रेघ अजून आहे. छिद्रात गोगलगाय किंवा क्षार अडकू शकतो, म्हणून दर महिन्याला मी त्यातून दात कोरायची काडी फिरवतो.

संपमध्ये रेफ्युजियमच्या कप्प्यासाठी काचेच्या आडभिंती बसवल्या, सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास जाईपर्यंत आठवडाभर थांबलो आणि मग एका रविवारी आपण नेरूळहून ठाणे लोकलने, मांडीवर लोणच्याची बरणी घेऊन आलात. बरणीत कीटोमॉर्फा नावाच्या शेवाळाचा हिरवा गोळा होता. आईने तो पाहून, “नवी घासणी का आणलीत?” असे विचारले आणि खरोखर त्या ताठ, गुंतलेल्या दोऱ्यांना दुसरी उपमा शोधून सापडत नाही. मला मात्र कॉलर्पा हा द्राक्षांच्या घडासारखा दिसणारा शेवाळाचा प्रकार हवा होता. आपण ठाम नकार दिलात. कॉलर्पा कधी कधी एका रात्रीत सगळी बीजे पाण्यात सोडून कोसळतो, पाणी दुधाळ हिरवे होते आणि मासे गुदमरतात. शिवाय त्याच्याच एका भाऊबंदाने १९८४ मध्ये मोनॅकोजवळ आढळल्यानंतर भूमध्य समुद्रात केवढा पसारा मांडला, तेही आपण सांगितलेत. म्हणूनच काढलेले शेवाळ, निरुपद्रवी असले तरी, मी खाडीत टाकत नाही. वाळवून ओल्या कचऱ्यात देतो. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. नसती, तरी आपण मला तेच बजावले असते.

दगडांच्या बाबतीतही आपण मला वेळेवर अडवलेत. प्रवाळाचे तुकडे ‘जिवंत दगड’, म्हणजे उपयोगी जिवाणूंचे घर असलेले दगड, म्हणून स्वस्तात मिळत होते. सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. आता त्या कप्प्यात सिरॅमिकचे सच्छिद्र ठोकळे आहेत आणि जिवाणूंची त्याबद्दल काही तक्रार दिसत नाही.

रेफ्युजियमचा दिवा रात्री नऊला लागतो आणि सकाळी सातला विझतो. मुख्य टाकीत अंधार झाला की प्रकाशसंश्लेषण थांबते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच घसरतो. त्याच वेळी खालचे शेवाळ तो वायू खाऊ लागते. पहाटे ७.८ दाखवणारा पीएच आता ८.० च्या आसपास असतो. नायट्रेट पाच महिन्यांत १५ पीपीएमवर आले. त्यातला काही वाटा निम्म्यावर आणलेल्या खाद्याचा आणि दर आठवड्याच्या पाणीबदलाचा आहे, हे आपण म्हणण्याआधी मीच मान्य करतो. दर दुसऱ्या रविवारी गोळ्याचा तिसरा हिस्सा काढतो.

रात्री टॉर्च मारला की काचेवर खसखशीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके तुरुतुरु पळतात. हे कॉपिपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव त्या कप्प्यातच वाढतात आणि पंपातून वर जातात. मँडरिन मासा त्यांच्यावरच जगतो, म्हणून वर्षभर तो आणायचा नाही, असे वचन आपण घेतले होते. दुकानात दोनदा त्याच्यासमोर उभा राहिलो, आणला नाही.

आपली बरणी धुऊन ठेवली आहे. झाकण मात्र सापडत नाही, तेव्हा काकूंना आपणच काय ते सांगावे.

आपला नम्र,
नौपाड्याचा शिष्य