आई, या प्रवासात पाणी प्यायचं

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा ‘बघू’ म्हणतात, आई ‘तुमचं तुम्ही जा, मी घर सांभाळते’ म्हणते आणि गाडी दादाच्या ब्लडप्रेशरवर जाते. म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

जूनमध्ये तुम्ही इथे आलात की आपण यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं आहे. विमानाने नाही, रस्त्याने. न्यू जर्सी ते वायोमिंग, एका बाजूने साधारण साडेतीन हजार किलोमीटर. भाड्याने आरव्ही घेतली आहे, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची, अंघोळीची सोय असलेली गाडी. आगाऊ पैसे भरून झालेत, मुक्कामाच्या जागाही धरल्या आहेत. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण काय उत्तर आलं असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

मागच्या वेळचं मनातून जात नाही. आम्ही दोघं दिवसभर कामावर, छोटी शाळेत. आई खिडकीशी बसून कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते पाठ करत होती आणि बाबांनी गॅरेजमधले सगळे स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत लावून टाकले. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग विमानाने जाऊ, हॉटेलात राहू, एवढा खटाटोप कशाला? आई, कारण तू आहेस. पंढरपूर असो, कोल्हापूर असो, नाहीतर धाकट्या काकाच्या मेटॅडोरमधून केलेलं गाणगापूर, तू आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायचीस. स्टँडवरच्या संडासात जायला नको म्हणून. मी खिडकीशी बसून वॉटरबॅग रिकामी करायचे आणि मला वाटायचं, मोठ्या माणसांना तहान लागत नाही. आता तुझ्या बीपीच्या गोळीने सारखं जावं लागतं, म्हणून तू लक्ष्मी रोडपर्यंतसुद्धा जायचं सोडलंस. दादाने हे मला सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं.

या गाडीत संडास आहे. आपला. आपणच वापरणार, आपणच धुणार. पायाशी पेडल आहे, ते दाबलं की पाणी येतं. गाडी चालू असताना मात्र सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं, तेव्हा तू नुसता आवाज दे, पुढच्या एक्झिटला उतरून गाडी उभी करू. कितीही वेळा. कुणी हुं की चूं करणार नाही.

शेगडीपासून चार पावलांवर संडास, हे तुला पटायचं नाही, मला माहीत आहे. त्याचाही विचार केला आहे. दार घट्ट लागतं, वर पंखा आहे. मैला गाडीखालच्या वेगळ्या टाकीत जातो, भांडी-अंघोळीचं पाणी दुसऱ्या टाकीत आणि ताज्या पाण्याची टाकी तिसरी. प्यायचं पाणी तर आपण कॅनमधून वेगळंच घेणार. तुझा बाळकृष्ण अगदी पुढे, ड्रायव्हरच्या बाजूच्या कप्प्यात बसवू, संडासापासून सगळ्यात लांब. तरीही मन घेत नसेल तर नैवेद्य मनातल्या मनात दाखव. प्रवासात देव एवढं चालवून घेतो, हे तूच आजीला सांगायचीस.

टाक्या रिकाम्या करायचं काम तुमच्या जावयाचं. बाबा, तुम्ही तिकडे फिरकायचं नाही. तो हातमोजे आणून सध्या व्हिडिओ बघून तयारी करतो आहे.

आता बाबा, तुमच्याविषयी. गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते. आकडा वाचून तुमची मान हललेली मला इथून दिसली. पण ही गाडी कशी बनते ते ऐका. इंजिन आणि चासी एका कंपनीची येते आणि त्यावर घराची बॉडी दुसरा कारखाना बांधतो. म्हणजे दापोडीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही जन्मभर केलंत तेच, फक्त बाकांऐवजी पलंग. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यात, एल्कहार्ट नावाच्या गावाच्या आसपास बांधल्या जातात. गाव आपल्या रस्त्यावरच आहे. तिथे जुन्या आरव्हींचं संग्रहालय आहे आणि त्यात 1913 सालचा एक लाकडी ट्रेलरसुद्धा ठेवला आहे. त्या भागातल्या कारखान्यांत आमिश, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक काम करतात. घरी मोटार ठेवत नाहीत, येणंजाणं घोड्याच्या बग्गीने, आणि दिवसभर हातांनी या गाड्या बांधतात. हे तुम्हाला दाखवायचंच आहे. संग्रहालयाला मी अख्खा दिवस ठेवला आहे. आई आत खुर्चीवर बसून विणकाम करेल. तुम्ही रिव्हेट मोजत फिरा.

पण चालवायची नाही. कराराच्या कागदावर ज्यांची नावं आहेत त्यांनाच चालवता येते आणि नावं आम्हा दोघांची आहेत. तुमच्या हातावर माझा विश्वास आहे, खंबाटकीच्या त्या रात्रीनंतर तर कायमचाच. प्रश्न विम्याचा आहे. तुम्ही पुढे शेजारी बसा आणि चढावर गिअरचा आवाज बदलला की सांगा.

रस्ता असा आहे. पहिला मुक्काम पिट्सबर्ग, म्हणजे आईला तिथल्या बालाजीचं दर्शन होईल. मग एल्कहार्ट, शिकागो ओलांडून विस्कॉन्सिन, ला क्रॉसपाशी मिसिसिपी, पुढे मिनेसोटा आणि साउथ डकोटा. तिथलं गवताळ रान एकसुरी आहे, तेव्हा झोपा काढा. मग बॅडलँड्सच्या पट्ट्यापट्ट्यांच्या टेकड्या, वायोमिंग आणि कोडी गाव. रोज पाच-सहा तासच गाडी, संध्याकाळी उजेड असताना मुक्काम. बाबांचा पाचचा चहा कुठेही चुकणार नाही.

रस्त्यानेच का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते वाचून घाबरू नका. यलोस्टोनचा तलाव समुद्रसपाटीपासून साधारण 2,350 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा सातशे मीटर वर. विमानाने एकदम तिथे उतरलो तर धाप लागू शकते. रस्त्याने आपण हळूहळू चढतो आणि साधारण 1,500 मीटरवरच्या कोडीत थांबून मगच वर जातो. बाबा, स्टेंटचे कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, हा उंचीचा आकडा त्यांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते लिहून आणा. ते नको म्हणाले तर आपण साउथ डकोटातूनच मागे फिरू, पैसे गेले तरी चालतील. उद्यानातल्या आपल्या मुक्कामाच्या तळापासून जवळच, लेक नावाच्या ठिकाणी, उन्हाळ्यात दवाखाना असतो, हेही बघून ठेवलं आहे.

त्या उंचीवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यात वरण शिजता शिजत नाही. कुकर घेतलाच आहे.

मागचा मोठा पलंग तुमचा. आईच्या कमरेसाठी वर घालायची कडक गादी आणली आहे. जावई आणि छोटी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर आणि मी जेवायच्या टेबलाचा पलंग करून. गिझर लहान आहे, जेमतेम बावीस लिटरचा, पण बाबांची अंघोळ बादली-तांब्याने होते, तेव्हा सगळ्यात कमी त्रास त्यांनाच. लहानपणी तुम्ही दोघं दाराशी झोपायचात आणि आम्हाला भिंतीकडची जागा द्यायचात. या वेळी दाराशी मी.

आता नीट ऐका, यात ‘बघू’ चालणार नाही.

बाबांनी पहाटे साडेपाचला एकट्याने फिरायला बाहेर पडायचं नाही. आपला फिशिंग ब्रिजचा तळ ग्रिझली अस्वलांच्या मुलखात आहे, म्हणून तिथे कापडी तंबूला परवानगीच नाही. अस्वलापासून 100 यार्ड लांब राहायचं. बायसन म्हणजे गव्यासारखा प्रचंड प्राणी, त्याच्यापासून 25 यार्ड. तो शांत चरताना दिसला तरी फोटोसाठी पुढे जायचं नाही.

आई, कावळ्यासाठी घास बाहेर ठेवायचा नाही. उष्टं-खरकटं काहीही बाहेर नको. आणि उकळती कुंडं दिसली की वज्रेश्वरी समजून पाय बुडवायला जाऊ नकोस. काठची जमीन वरून टणक दिसते, खाली पोकळ आणि कढत असते. फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचं. वाट बरीच सपाट आहे आणि ओल्ड फेथफुल नावाच्या गरम पाण्याच्या कारंज्यासमोर बाक आहेत. साधारण दीड तासाने पाणी उसळतं, वेळ पाटीवर लिहिलेली असते. आपण आधीच जाऊन बसू, थर्मासमधला चहा पिऊ. गुडघे दुखले तर खुर्ची ढकलायला मी आहे. तिला व्हीलचेअर म्हणायचं नाही, असं छोटीला सांगून ठेवलं आहे.

पाण्यात नाणंही टाकायचं नाही. मॉर्निंग ग्लोरी नावाच्या निळ्या कुंडात लोकांनी इतकी नाणी आणि कचरा टाकला की पाणी वर यायची वाट बुजत गेली. कुंड थोडं निवलं आणि कडेने निळ्याचं पिवळं झालं. मिसिसिपी-मिसूरी ओलांडताना खिडकीतून हात जोड, तेवढं पुरे.

उद्यानात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. दादाला आधीच सांगा, नाहीतर तो पोलिसांना फोन करेल. त्याला हेही सांगा की गणपतीच्या आधी तुम्ही घरी असाल. मखराचं सामान मात्र त्याने आणायचं.

बरोबर आणायचं ते: सगळ्या गोळ्या, घटकांच्या नावासकट प्रिस्क्रिप्शन, दोघांचे स्वेटर आणि कानटोप्या (जूनमध्येही तिथे रात्री गोठवणारी थंडी पडते), मेतकूट, भाजणी. आंबे आणि ताजा कढीपत्ता नको, विमानतळावर काढून घेतात. आईने नवीन चपला आत्ताच घेऊन घरात वापरायला काढाव्यात, इथे येऊन पाय चावायला नकोत.

आणि आई, रोज आठ भांडी पाणी प्यायची सवय आजपासून कर. दादा रोज मला सांगणार आहे.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, हॉकिन्सच्या तीन लिटरच्या कुकरची रिंग आणा. दोन आणा.