आत्याचं लुगडं आणि चार रंग

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

आत्याचं चित्र आज पुरं झालं. तीन रविवार लागले. शुक्रवार पेठेतल्या घराचं माजघर तुला आठवत असेल. तिथल्या उत्तरेच्या खिडकीजवळ तिला लाकडी खुर्चीत बसवलं. ऊन थेट येत नाही, त्यामुळं सावल्या जागच्या हलत नाहीत. वीस मिनिटांनी ती पाय मोकळे करायला उठायची, म्हणून खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या होत्या.

रंग चारच घेतले: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी तांबडा) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). स्वीडनच्या अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) या चित्रकाराच्या नावानं ही चौकडी ओळखतात. त्यात निळा नाही, आणि आत्या नेसून आली गडद निळं इरकल!

पहिल्याच दिवशी मी कच खाल्ली. अल्ट्रामरीनची, म्हणजे गडद निळ्या रंगाची, ट्यूब उघडून पदरावर दोन फटकारे मारले. लुगडं खोलीतून सुटून पुढं आलं, चेहरा मातकट पडला. सगळं सुरीनं खरवडून काढलं.

त्या आठवड्यात टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन आलो. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्या चित्रांपुढं या वेळी फक्त कोणत्या रंगाशेजारी कोणता बसवलाय, एवढंच बघितलं.

पुढच्या रविवारी लुगड्यासाठी काळ्यात पांढरा मिसळला. पॅलेटवर तो नुसता राखाडी. पण त्याला लागून आत्याचा हात रंगवत गेलो. भाकऱ्या थापून जाड झालेली बोटं, पेरांवर जरा जास्त तांबडा, मनगटाकडं ऑकर. खिडकीचा उजेड थंड, म्हणून सावलीत काळ्याबरोबर व्हर्मिलियनही घातला. नुसत्या काळ्यानं हात मेल्यासारखा दिसतो. हात भरत गेला तसा शेजारचा राखाडी निळा दिसायला लागला. आत्या उठून आली, बघितलं आणि म्हणाली, "आता झालं माझं लुगडं."

बांगड्यांवर मात्र ती नाराज आहे. काळ्यात ऑकर घातला की शेवाळी हिरवा मिळतो, काचेच्या बांगडीचा नाही. "जुन्या दिसत्यात रं," म्हणाली. मी तशाच ठेवल्या. त्या उजेडात मला तेवढाच हिरवा दिसत होता.

येत्या आठवड्यात ये, आणि दिवसा ये. चित्र त्याच खिडकीशी ठेवलंय. आयव्हरी ब्लॅक वाळायला वेळ लावतो, तेव्हा पदराला हात लावू नकोस.

तुझा,
मित्र