३ ते ५ वर्षांच्या मुलांचे पालक: शनिवारची सूचना

नमस्कार पालकहो,

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता इंदिरानगरच्या नेहमीच्या सभागृहात घरच्या घरी करायच्या मोजणीचा सराव घेणार आहोत. मुलासोबत आई, बाबा, आजी, आजोबा यांपैकी कोणीही एकाने यावे. दीड तासाचा कार्यक्रम आहे.

सोबत आणा:
- दोन वाट्या आणि १० मोठी बटणे
- कपड्यांचे ४-५ चिमटे
- लिंबाएवढा मळलेल्या कणकेचा गोळा

शनिवारपर्यंत घरी एवढे करून पाहा. बऱ्याचदा मूल २० पर्यंत आकडे घडाघडा म्हणते, पण ७ बटणे मोजताना ९ वर पोहोचते. कारण तोंड बोटापुढे पळते, किंवा एकच बटण दोनदा मोजले जाते. म्हणून प्रत्येक आकड्याला एक बटण या वाटीतून त्या वाटीत टाकायला लावा. मग "मला ४ दे" म्हणा. ४ देऊन हात थांबला, तर ४ पर्यंतची मोजणी समजली. थांबला नाही तर ३ वर या. रागावू नका.

अक्षरे गिरवून घेण्याची घाई नको. आधी चिमटे लावणे, कणीक वळणे. बोटांत जोर आला की पेन्सिल धरणे सोपे जाते.

३ वर्षांखालचे भावंड बरोबर असेल तर बटणे त्याच्या हाती लागू देऊ नका. खाऊला द्राक्षे आणणार असाल (नाशिककर आणणारच!) तर उभी चिरून आणा, अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकते.

येणाऱ्यांनी गुरुवारी रात्रीपर्यंत गटावर मुलाचे वय कळवावे.