रविवारी पोरांना घेऊन सांगली-मिरज

मंडळी, रविवारी सकाळी 8 ला गणपती मंदिरापाशी जमायचंय, लेट करू नका. दर्शन झालं की घाटावर, पोरांनी वहीत आयर्विन पुलाचं चित्र काढायचं आणि कमानी मोजायच्या, पाण्याजवळ लहानग्यांचा हात सोडू नका प्लीज. मग मिरजेला सतारमेकर गल्ली, हे खरंच चुकवू नका, मंगळवेढा-पंढरपूरकडनं येणाऱ्या कडू भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते पोरांनी हातात भोपळा घेऊन बघायचंय, वाजवून बघायचंय, 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅग (म्हणजे त्या-त्या गावच्या खास वस्तूला मिळणारी सरकारी ओळख) मिळालाय आणि आपल्याच पोरांना ते माहिती नाही! कारागिरांना विचारल्याशिवाय वाद्याला हात नको. वही, पेन्सिल, टोपी, पाणी आणा, भडंग मी आणतेय. कोण-कोण येणार ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.